मासळी बाजाराला बाबांचं नाव देऊ नका

प्रति,
मा. नगराध्यक्ष, उपनगराध्यक्ष आणि नगरपरिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर चौदावा विषय आहे: बंदर रस्त्यावरच्या मासळी बाजाराला माजी नगराध्यक्षांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नाव देणे. मला हे कळलं ते दुकानात. आपल्यातलेच एक सदस्य दीड इंची खिळे घ्यायला आले होते. त्यांनी कौतुकाने मोबाइलवर फलकाचा मसुदाही दाखवला. 'थोर समाजसेवक व दानशूर उद्योजक' अशी सुरुवात होती, मध्ये बाबांचा फेटा बांधलेला फोटो होता. बाबांनी आयुष्यात एकदाच फेटा बांधला, माझ्या भावाच्या लग्नात, आणि तोही जेवणाआधी काढून ठेवला. मी खिळे तोलून दिले आणि म्हटलं, विचार करून सांगते.

विचार झाला. नाव देऊ नका. निदान त्या इमारतीला तरी नको.

राग मानू नका. आपल्यातल्या सहा जणांची खाती आमच्या वहीत आहेत, पण त्याचा या पत्राशी काही संबंध नाही.

आधी 'उद्योजक' या शब्दाबद्दल. बाबांना जिवंतपणी कुणी उद्योजक म्हटलं नाही. सगळे 'शेट' म्हणायचे, आणि आमच्याकडे शेट म्हणजे ज्याच्याकडे उधारी चालते तो. आजोबांचं दुकान धक्क्याजवळ होतं. आगबोटी लागायच्या त्या दिवसांत होड्यांना लागणारे दोर, डांबर, तांब्याचे खिळे, जाळ्याचं शिसं असा माल असायचा. बोट बंद झाली, रस्ता आला, गाव धक्क्याकडे पाठ करून स्टँडकडे तोंड करून बसलं आणि दुकानही तिकडे सरकलं. बाबा १९६८ पासून गल्ल्यावर बसले. कौलं, सिमेंट, पत्रे, रंग, पंपाचे वायसर. माल कोल्हापुरातून घाट उतरून यायचा. वर्षाचा धंदा म्हणाल तर मे महिना. चाकरमानी आला की घर शाकारायचं, पडवीचा पत्रा बदलायचा, विहिरीवर पंप बसवायचा. आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, आभाळ भरून आलं की, ताडपत्री. जूनमध्ये गावभर शांतता आणि आमच्या वहीत उधारी.

राजकारणात ते आले जकातीमुळे. आपल्यातल्या तरुण सदस्यांना जकात नाका आठवत नसेल. गावात शिरणाऱ्या प्रत्येक ट्रकला वेशीवर थांबवून मालाच्या किमतीवर नगरपालिका कर घ्यायची. रात्री घाट उतरून आलेला ड्रायव्हर नाक्यावरचा कारकून उठेपर्यंत स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपायचा आणि त्याचा खोळंबा आमच्या भाड्यात यायचा. व्यापारी मंडळाने जकातीविरुद्ध दोनदा बाजार बंद ठेवला तेव्हा बाबा पुढे होते. १९९९ साली राज्यातल्या नगरपालिकांची जकात गेली. नाक्यासमोर फटाके वाजले, बाबांनी पेढे वाटले. दोन वर्षांनी, २००१ मध्ये, सरकारने नगराध्यक्ष थेट लोकांमधून निवडायचं ठरवलं. मंडळाने बाबांना उभं केलं आणि ते निवडून आले. का आले? तेहतीस वर्षांत प्रत्येक घराचं छप्पर किती गळतं ते त्यांना ठाऊक झालं होतं, बस.

खुर्चीवर बसले आणि पहिल्याच महिन्यात कळलं की जकात हेच नगरपालिकेचं पोट होतं. तिच्या बदल्यात शासनाकडून येणारं अनुदान कधी वेळेवर, कधी दोन महिन्यांनी. सफाई कामगारांचा पगार थकला की ते दुकानासमोर येऊन उभे राहायचे. कार्यालयात जात नसत, कारण अध्यक्ष दुकानात असायचे. आई गल्ल्यावरून म्हणायची, "नाका तुम्हीच बंद केलात ना? पेढे पण वाटलेत. आता भरा पगार."

आता आपल्या खुर्चीबद्दल थोडं, अध्यक्षमहाराज. आपणही धंद्यातले आहात, थेट निवडून आला आहात, म्हणून सांगते. बाबांच्या वेळी सभागृहात १७ नगरसेवक होते, त्यातले आमच्या बाजूचे ६. अध्यक्ष लोकांनी निवडलेला, नगरसेवकही लोकांनीच निवडलेले, आणि एकाच मतदाराने एकाच दिवशी दोन पेट्यांमध्ये दोन वेगळ्या गोष्टी मागितलेल्या. ही पद्धत सरकारांनाही पचलेली नाही. २००१ ला थेट, पुढे पुन्हा नगरसेवकांतून, २०१६ ला परत थेट, २०२० मध्ये रद्द, २०२२ मध्ये पुन्हा थेट. कौलं फिरवावीत तसं चाललंय. आपल्याला तर बहुमत आहे. बाबांना अंदाजपत्रक मंजूर करून घ्यायला दर वर्षी कुणाच्या तरी ओटीवर चहा प्यायला जावं लागायचं.

दुकानात गल्ल्याच्या मागे भिंतीला दोन तारा टांगलेल्या होत्या, खाली हूक वळवलेल्या, बिलं खोचायला असतात तशा. अजून आहेत. उजव्या तारेवर बिलं. डाव्या तारेवर बाबा तक्रारी खोचायचे. कुणी आलं, "शेटानु, चार दीस झाले, नळाक पाणी नाय" म्हणालं, की जुन्या बिलबुकाचं पान फाडून पाठीवर लिहायचे: वाडी, नाव, काय झालं, तारीख. संध्याकाळी ती पानं काढून कार्यालयात न्यायची, काम झालेलं पान फाडून टाकायचं, न झालेलं परत तारेवर. सुरुवातीला उजवी तार जड असायची. तिसऱ्या वर्षी डावी जड झाली. नळाची तक्रार घेऊन आलेल्याला त्याच्या मागच्या वर्षीच्या पत्र्यांचे पैसे कसे मागणार? तो पाणी मागायला आलाय, आणि तो मतदार. वसुली थांबली. आई ज्यांना दटावून पैसे काढायची ते आता तिला "वहिनी, अध्यक्षांशी बोललोय" असं सांगून निघायला लागले. कोल्हापूरच्या ठोक व्यापाऱ्याचं देणं फेडायला पुढे खाडीकाठची माडाची बाग विकावी लागली, ती त्याचीच बाकी. बाग विकल्याचं लोकांनी वेगळंच कारण सांगितलं. पदावरच्या माणसाने जमीन घेतली तरी बोलतात, विकली तरी बोलतात.

रंगाची भानगडही इथेच सांगून टाकते, कारण जुन्या मंडळींना ती अर्धवट आठवते. बालोद्यानातल्या बाकांना हिरवा रंग लागला. ठेकेदार बाहेरचा, रंग मात्र त्याने आमच्या दुकानातून घेतला, कारण गावात दुसरं रंगाचं दुकानच नव्हतं. विरोधकांनी तक्रार केली की नगरपालिकेच्या कामात अध्यक्षांचे हितसंबंध आहेत, १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातल्या कलम १६ प्रमाणे त्यांना अपात्र करा. सव्वा वर्ष तारखा पडल्या. बाबा सकाळच्या एस्टीने जिल्ह्याला जायचे आणि पुढची तारीख घेऊन संध्याकाळी परत यायचे. शेवटी तक्रार निकालात निघाली, पण त्या दिवसापासून त्यांनी नगरपालिकेच्या कुठल्याही ठेकेदाराला माल द्यायचा नाही असं ठरवलं. एक खिळासुद्धा नाही. ठेकेदार कुडाळहून माल आणायला लागले आणि वाहतूक बिलात लावायला लागले. म्हणजे आमचा धंदा गेला आणि नगरपालिकेचा खर्च वाढला. कलम पाळलं गेलं.

तक्रार करणाऱ्यांवर माझा राग नाही. ते कलम हवंच. अध्यक्षमहाराज, आपलं हॉटेल आहे, दोन बोटी आहेत, उद्या पर्यटन महोत्सवाचं जेवण कुठून येणार हा प्रश्न येईलच. तेव्हा बाबांची ती हिरवी फाइल हवी असेल तर आमच्याकडे आहे.

आता मासळी बाजार.

जुना बाजार म्हणजे झापांचा मांडव. पावसात वरून गळायचं, खालून चिखल. बायका गोणपाटावर बसायच्या. नवा बाजार बांधायचा हे बाबांनी निवडणुकीत सांगितलं होतं. त्यांनी दिलेलं ते एकच ठोस वचन. निधी आला, काम निघालं, सिमेंटचे ओटे झाले, पत्र्याचं उंच छप्पर झालं, शहाबादी फरशी बसली. २००५ च्या मार्चमध्ये, काम संपत आलेलं असताना, एका संध्याकाळी दुकान बंद करून बाबा मला बाजारात घेऊन गेले. मी तेव्हा अठ्ठावीसची होते आणि आईबरोबर गल्ल्यावर बसायला लागले होते. त्यांनी खिशातून बेअरिंगचा छर्रा काढला, आपल्याच दुकानातला, आणि फरशीवर ठेवला.

फरशीचा उतार मागच्या गटाराकडे हवा. दहा फुटांना दोन इंच दिले की माशांचं पाणी, बर्फाचं पाणी आपसूक गटारात जातं. गवंड्याच्या हाताखाली काम केलेल्या कुठल्याही पोराला हे माहीत असतं. छर्रा क्षणभर थांबला, मग निघाला, आणि गटाराकडे पाठ करून सरळ ओट्यांकडे गेला. ओट्याच्या पायाशी, जिथे मासळीवाली उभी राहणार, तिथे जाऊन टेकला. बाबांनी तो उचलला आणि दुसऱ्या ओळीत ठेवला. तिथेही तेच. तिसऱ्या ओळीत ठेवलाच नाही. खिशात टाकला आणि म्हणाले, "चल, जेवायची वेळ झाली."

त्याच आठवड्यात स्थायी समितीपुढे अंतिम बिल आलं. समितीचे सभापती अध्यक्षच असतात, म्हणजे बाबा. ठेकेदार विरोधी गटाच्या जवळचा होता. ३१ मार्चच्या आत काम पूर्ण दाखवलं नाही तर निधी परत जाणार होता, आणि बाजाराचं बिल अडवलं तर नळयोजनेच्या पुढच्या टप्प्याला सभागृहात ११ मतं विरोधात पडणार, असा निरोप आला होता. निरोप घेऊन कोण आलं ते मी लिहीत नाही, ते गृहस्थ आता नाहीत. बाबांनी सही केली. 'काम समाधानकारक' असं त्यात लिहिलेलं होतं. मेमध्ये उद्घाटन झालं. मंत्री आले, नारळ फुटला, कोळंबीचं जेवण झालं.

पावसाळ्यात बाजार भरला आणि पहिल्याच आठवड्यात एक बाई दुकानाच्या पायरीवर उभी राहून, रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शेटानु, मार्केट बरा बांधलात. मासे वर सुके आणि आमी खाली पाण्यात!" सगळं दुकान हसलं. बाबाही हसले. मग पान फाडलं, लिहिलं आणि डाव्या तारेवर खोचलं. ते पान शेवटपर्यंत तिथेच राहिलं. शाई उडाली, कागद पिवळा झाला, तरी कुणी काढलं नाही. अजून आहे. येऊन बघा.

आज एकवीस वर्षं झाली. आपल्यातले किती जण सकाळी साडेआठला त्या बाजारात जातात मला माहीत नाही. बायका ओट्यामागे फळ्या टाकून, थर्माकोलच्या खोक्यांची झाकणं टाकून उभ्या असतात. झाकण पाण्यावर तरंगतं, मग त्यावर दगड. बांगड्यांचं, पेडव्यांचं लालसर पाणी त्यांच्या घोट्याशी साचतं. जुलै-ऑगस्टमध्ये बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, त्यावर त्या हळद आणि खोबरेल लावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पाण्यात उभ्या राहतात. मधल्या काळात त्या इमारतीला दोनदा रंग लागला, एलईडी दिवे लागले, प्रवेशद्वारावर माशाचं चित्र आलं. फरशीला कुणी हात लावला नाही.

बाबा अध्यक्षपदावरून उतरल्यावर त्या बाजारात मासे घ्यायला कधी गेले नाहीत. धक्क्यावर जायचे, होडीवरून घ्यायचे. लोक म्हणायचे, शेटला ताजे लागतात.

आणि 'दानशूर'. हा शब्द कुठून आला ते मला माहीत आहे. २६ जुलै २००५. त्या पावसात चिपळूण, महाड बुडाली. आपल्याकडे तितकं झालं नाही, पण खाडीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि सगळ्या विहिरी गढूळ झाल्या. विहिरीत टाकायला टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, हवी होती. घाट बंद, रस्ते तुटलेले, जिल्ह्याहून काही येईना. गावात पावडरीची पोती होती ती फक्त आमच्या गोदामात. नगरपालिकेने विकत घेतली असती तर पुन्हा कलम १६. कायद्यात पळवाटा असतीलही, पण सव्वा वर्षाच्या तारखा काढलेल्या माणसाला त्या शोधण्याचा धीर नव्हता. त्यांनी गोदामाची किल्ली आरोग्य निरीक्षकाच्या हातात दिली आणि वहीत त्या पोत्यांपुढे 'खाडीत गेली' असं लिहून टाकलं. निम्मी पोती ओल लागून तशीही गेलीच असती, हे बाबा स्वतः सांगायचे. वर्तमानपत्रात मात्र 'नगराध्यक्षांचे दातृत्व' असं छापून आलं. त्यांनी ते कात्रण ठेवलं नाही. आईने ठेवलं.

म्हणून सांगते, ते वाईट नव्हते आणि फलकावर आहे तसेही नव्हते. पाच वर्षांत त्यांनी वरच्या वाडीपर्यंत नळ नेला, आणि तो नेण्यासाठी उलट्या उताराची किंमत मोजली. किंमत मोजली असं म्हणते, पण मोजली त्यांनी नाही, त्या बायकांनी.

ते २००२ पासून सभेत एक गोष्ट सांगायचे, इतक्या वेळा की विरोधक आधीच हसायला लागायचे. महाडच्या नगरपालिकेची. मुंबई कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोल्यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत. त्याला धरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ ला चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं, पण पाण्याला हात लावायची सोय झाली नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारोंना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. सुरबानाना टिपणीसांसारखे नगरपालिकेतले लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले. आणि तीच नगरपालिका! ४ ऑगस्ट १९२७ ला तिने आपलाच ठराव मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. बाबा म्हणायचे, ठराव वहीत असतो आणि पाणी तळ्यात, मधला रस्ता आपण चालायचा असतो. तो रस्ता बाजाराच्या बाबतीत ते स्वतः चालले नाहीत, हे त्यांना माहीत होतं. शेवटच्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी सांगायची बंद केली होती.

ते २०२३ च्या पावसाळ्यात गेले. तेव्हा नगरपरिषदेत सदस्य नव्हते. २०२१ च्या अखेरीस मुदत संपली होती, आरक्षणाचा खटला लांबला आणि चार वर्षं प्रशासकच कारभार पाहत होते. माजी नगराध्यक्ष गेला तर शोकप्रस्ताव कुणी मांडायचा? कुणीच नाही. मुख्याधिकारी साहेब घरी येऊन गेले, चांगले वागले. गेल्या २ डिसेंबरला मतदान झालं, २१ तारखेला आपण निवडून आलात, आणि मला वाटतं आपल्याला ती राहून गेलेली गोष्ट भरून काढायची आहे. भावना पोचली. आईलाही पोचली. ती ब्याऐंशी वर्षांची आहे, फलकाचा फोटो पाहून म्हणाली, "फेटा चांगला दिसतोय." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण त्या बाजाराला नको हो. लोक पाण्यात उभे राहून त्यांचं नाव वाचणार."

शोकप्रस्ताव करा. दोन मिनिटं उभे राहा. तेवढं आम्हाला पुरे.

आणि चौदाव्या विषयाच्या जागी दुसरा विषय घ्या: मासळी बाजाराची फरशी उखडून, मागच्या गटाराकडे उतार देऊन, नव्याने बसवणे. हे काम उन्हाळ्यातच व्हायला हवं. १ जूनपासून मासेमारी बंद असते, तेव्हा बाजार निम्मा रिकामा असतो हे खरं, पण त्या वेळी फरशी उघडी टाकलीत तर पाऊस ती धुऊन नेईल. मेच्या मध्यापर्यंत संपवा. त्या दिवसांत बायकांना बसायला एस्टी स्टँडमागची मोकळी जागा द्या, तिथे माडाची सावली आहे. आमच्या दुकानातून एक पिशवी सिमेंटसुद्धा देणार नाही, ते आपण कुडाळहून आणा. माझा भाचा या वेळी आपल्यातला एक सदस्य आहे, आणि कलम १६ अजून तिथेच आहे.

एक गोष्ट मात्र उसनी देईन. बाबांची पाणसळ, लाकडी, दोन फुटी, मधल्या काचेतला बुडबुडा अजून नेमका थांबतो. फरशी बसवायच्या आधी एकदा आणि बसवून झाल्यावर एकदा, आपण स्वतः, अध्यक्षमहाराज, मांडून बघा. छर्राही देते. दुकान साडेआठला उघडतं. न्या, आणि काम झालं की परत आणून द्या. पाणसळ नेलेली माणसं परत आणून देत नाहीत, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

आपली,
गल्ल्यावरून,
शेटांची मुलगी